"भिऊ नको" बायबलमध्ये खरंच 365 वेळा आहे का?

मंडळीच्या (चर्चच्या) ग्रुपवर दर जानेवारीत हा मेसेज फिरतो की बायबलमध्ये "भिऊ नको" बरोबर 365 वेळा आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. ऐकायला फार गोड वाटतं, पण खरं नाहीये.

माझ्या मावशीने हे वाचून वही केली, रोज पहाटे प्रार्थनेआधी एक वचन लिहायचं, आणि एप्रिल संपायच्या आत वचनं संपली. तिला वाटलं आपलंच वाचन कमी पडतंय. मला वाईट वाटलं ते याचंच.

स्वतः बघायचं असेल तर मोबाईलवरच्या बायबल ॲपमध्ये "भिऊ नको", "भिऊ नका", "घाबरू नको" असं एकेक टाकून सर्च करा, भाषांतर बदललं की आकडा पण बदलतो, पण सगळं धरूनही तो 365 च्या जवळ जात नाही. आणि त्यात सगळीच वचनं देवाने दिलेला धीर नसतात, काही ठिकाणी माणूसच माणसाला सांगतो, जसं उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफ आपल्या भावांना. शिवाय बायबलमधल्या लोकांचं इब्री (यहुदी) कॅलेंडर चंद्रावर चालायचं, साधं वर्ष साधारण 354 दिवसांचं, मग 365 चा हिशोब कुठून येणार?

रोजच्या वाचनाला आकडाच हवा असेल तर प्रोटेस्टंट बायबलमध्ये 1189 अध्याय आहेत, दिवसाला तीन-चार वाचले की वर्षात पूर्ण होतं. मावशी आता यशया 41:10 ("भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे") हे एकच वचन आठवडाभर धरून बसते, रोज तेच लिहिते, खाली त्या दिवशी कशाची भीती वाटली ते पण.