पार्श्वभूमी : डुकराच्या अवयवासोबत येणारे विषाणू

बबूनचे यकृत माणसाला बसवण्याचा प्रयोग पिट्सबर्गमध्ये 1992 साली झाला होता. पण माकडे आपल्या फार जवळची, त्यांचे विषाणू आपल्यात सहज येण्याची भीती, आणि एचआयव्हीचे मूळ चिंपांझीत, म्हणून दाता म्हणून डुक्कर पुढे आले.

जानेवारी 1997 मध्ये आसाममध्ये एका रुग्णाला डुकराचे हृदय बसवले गेले. तो सात दिवस जगला, शल्यविशारद तुरुंगात गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनहून बातमी आली, की डुकराच्या डीएनएतच बसलेला ‘पर्व’ (PERV) हा रेट्रोव्हायरस, म्हणजे आपली जनुके पेशीच्या डीएनएत घुसवणारा विषाणू, प्रयोगशाळेत मानवी पेशींत शिरतो. ऑक्टोबरमध्ये अमेरिकी औषध नियामकाने डुकराच्या ऊतींच्या माणसांवरील चाचण्या थांबवल्या आणि विषाणू तपासण्याची सोय दाखवणाऱ्यांना काही महिन्यांत पुन्हा मुभा दिली. पुढे डुकराच्या ऊतींशी संबंध आलेल्या 160 जणांचे नमुने तपासले, तर एकातही संसर्ग नव्हता. धास्ती मात्र पर्वचीच राहिली.

गाठले दुसऱ्यानेच. जानेवारी 2022 मध्ये मेरिलंडमध्ये डुकराचे हृदय मिळालेल्या रुग्णाच्या रक्तात विसाव्या दिवशी डुकराच्या सायटोमेगॅलोव्हायरसचा (सीएमव्ही) अंश दिसला. मार्चमध्ये रुग्ण गेला. नाव ऐकून माणसातला सीएमव्ही डोळ्यांपुढे येतो आणि तिथेच गफलत होते. डुकराचा हा विषाणू त्याचा सख्खा भाऊ नव्हे. हा जवळचा आहे तो बाळांना तीन दिवस ताप आणि मग अंगावर पुरळ आणणाऱ्या हर्पिसविषाणूला. त्यामुळे सीएमव्हीचे नेहमीचे औषध त्याच्यावर लागू पडेलच असे नाही. ‘संसर्ग’ हा शब्दही जपूनच वापरावा लागतो: विषाणू बसवलेल्या हृदयात होता, रुग्णाच्या स्वतःच्या पेशींत शिरल्याचा पुरावा नाही. मृत्यू त्यामुळेच झाला का, यावर एकमत नाही. पण दुर्लक्ष व्हायला नको होते. म्युनिकच्या गटाने 2020 मध्येच दाखवले होते, की या विषाणूसह आलेली हृदये बबूनमध्ये महिनाभरही टिकली नाहीत. विषाणू नसलेली 195 दिवसांपर्यंत टिकली.

आणि ‘जंतुमुक्त डुक्कर’ म्हणजे तरी काय? यादीतल्या जंतूंची तपासणी निगेटिव्ह आलेले, एवढेच. मेरिलंडच्या डुकराचा नाकातला स्वॅब निगेटिव्ह होता. सुप्त विषाणू नाकात सापडत नाही. तो नंतर प्लीहेत सापडला.

2024 मध्ये बॉस्टनला बसवलेल्या मूत्रपिंडाच्या डुकरात 69 जनुकीय बदल होते. त्यांतले 59 पर्वच्या प्रती निकामी करणारे. सायटोमेगॅलोव्हायरस डुकराच्या जनुकांत बसलेला नसतो, म्हणून त्याला ही जनुकीय कात्री लागत नाही. तो डुकरिणीकडून लागू नये म्हणून पिल्लू जन्मल्यावर लवकरच तिच्यापासून तोडावे लागते.