‘नादा’ची जन्मकथा

स्पॅनिश मुलांचा एक बाळबोध विनोद आहे. मासा काय करतो? ‘नादा’. नादा म्हणजे पोहतो आणि नादा म्हणजे काही नाही. विनोद बेतासबातच, पण त्यातला दुसरा ‘नादा’ मोठा गमतीचा शब्द आहे.

साधा नकार स्पॅनिशमध्ये सोपा. क्रियापदाच्या अलीकडे ‘नो’ ठेवला की झालं: ‘आब्लो’ म्हणजे बोलतो, ‘नो आब्लो’ म्हणजे बोलत नाही. नाही-नाहीस-नाहीत अशी रूपं चालवायला नकोत. आज्ञा देताना मात्र क्रियापद रूप बदलतं. ‘आब्ला’ म्हणजे बोल, पण ‘बोलू नकोस’ला ‘नो आब्लेस’. आपणही तिथे ‘नाही’ सोडून ‘नको’कडे वळतोच, तेव्हा कुरकुरीला फारशी जागा नाही.

नवशिके अडखळतात ते पुढे. ‘कोणी आलं नाही’ याला म्हणायचं ‘नो बीनो नाद्ये’, म्हणजे जवळपास ‘नाही आलं कोणीनाही’. दोन नकारांचा होकार व्हायला हवा ना? लॅटिनमध्ये व्हायचाही: ‘नेमो’ म्हणजे कोणी नाही, तर ‘नॉन नेमो’ म्हणजे कोणीतरी. मग तिच्याच लेकीने, स्पॅनिशने, हा हिशेब का मोडला?

कारण हे शब्द मुळात नकाराचे नव्हतेच. ‘नादा’ आला लॅटिन ‘रेस नाता’वरून, म्हणजे जन्मलेली वस्तू. ‘नाद्ये’च्या मुळाशी ‘जन्मलेले (लोक)’ असा अर्थ. यातला ‘नाता’ आणि संस्कृत ‘जात’ एकाच मूळ धातूतून निघालेले. आपला ‘जन्म’ही त्याच घरातला. नुसत्या ‘नाही’ने समाधान झालं नाही, की माणूस त्याला जोर लावतो. आपण म्हणतो, ‘जन्मात असं पाहिलं नाही’, ‘काडीचा उपयोग नाही’. फ्रेंचांनी त्यासाठी पाऊल घेतलं. त्यांच्या नकारातला ‘पा’ म्हणजे मुळात पाऊलच. नकार असा झिजतो, टेकू घेतो आणि शेवटी टेकूच नकार होऊन बसतो, हे डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी 1917 साली सविस्तर मांडलं.

‘नो’च्या शेजारी शतकानुशतकं राहून ‘नादा’ही नकारार्थी झाला. पडताळा सोपा आहे. ‘काय हवंय?’ला मराठीत नुसतं ‘काही’ म्हणून भागत नाही, ‘नाही’ जोडावंच लागतं. स्पॅनिश माणूस नुसतं ‘नादा’ म्हणून मोकळा होतो.

आज नियम असा, की ‘नाद्ये’ क्रियापदाच्या आधी आला तर ‘नो’ला सुट्टी: ‘नाद्ये बीनो’. पण 1200 च्या सुमाराच्या, सिद या स्पॅनिश वीराच्या महाकाव्यात, सिदला कोणी आसरा देऊ नये या राजाज्ञेत, ‘नादी’ (‘नाद्ये’चं जुनं रूप) आधी येऊनही पुढे ‘नो’ आहेच. तेव्हा ‘नादी’ला एकट्याने नकार पेलवत नसावा, असं मला वाटतं.

‘एन आब्सोलुतो’ची तर कमालच. शब्द दिसतो ‘पूर्णपणे’सारखा, पण ‘त्रास होतोय का?’ला हे उत्तर आलं तर अर्थ ‘अजिबात नाही’.

आणि डोमिनिकन प्रजासत्ताकात बोलता बोलता लोक वाक्याच्या शेवटी आणखी एक ‘नो’ ठेवून देतात: ‘यो नो से नो’, मला माहीत नाही. कोलंबियातल्या सान बासिलियो दे पालेंके गावच्या, स्पॅनिशच्या मिश्रणातून घडलेल्या बोलीत तर पुढचा नकार बहुधा गळतोच आणि उरतो तो वाक्याच्या शेपटीला ‘नु’. अगदी आपल्या ‘नाही’च्या जागी.