चालणाऱ्याचं घड्याळ ते चालणाऱ्याचा कार्बन

माणूस पंधरा मिनिटं चालला की घड्याळ आठ दिवस चालतं, असा अहवाल जिनिव्हाच्या कला मंडळाने १७७७ मध्ये दिला होता. घड्याळ होतं आब्राहम-लुई पेरले या स्विस कारागिराचं. ते खिशात ठेवून चाललं की आतलं एक वजन हलायचं आणि त्या हलण्यानेच स्प्रिंग गुंडाळली जायची. किल्ली द्यायचं काम संपलं. (पहिला मान पेरलेचा की आणखी कोणाचा, यावर घड्याळांचे इतिहासकार अजूनही वाद घालतात.) खिशापेक्षा मनगट कितीतरी जास्त हलतं, त्यामुळे ही कल्पना खरी रुजली ती मनगटी घड्याळात. जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीला तिचं पेटंट १९२४ मध्ये मिळालं. १९८८ मध्ये सेकोने त्याच हलत्या वजनाला छोटं जनित्र जोडून क्वार्ट्झ घड्याळासाठी, म्हणजे एरवी बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळासाठी, वीज तयार केली.

अंगावरच्या यंत्राने हालचालीतून ऊर्जा घ्यायची, ही गोष्ट अशी अडीचशे वर्षं जुनी आहे. तिच्यात कार्बन डायऑक्साइड आला तो अगदी अलीकडे. म्हणून रोजच्या चालण्या-फिरण्यातून कार्बन कमी करणारं उपकरण, असं कुठे वाचलं की आधी विचारावं: कमी करणारं म्हणजे नेमकं काय करणारं? वीज बनवणारं, हिशोब ठेवणारं, की हवेतला वायू धरून ठेवणारं? तिन्हींचे पूर्वज वेगळे आहेत आणि पल्लाही फार वेगळा आहे.

वीज बनवणाऱ्यांची गोष्ट सर्वांत रंगतदार. पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं होतं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार येतो. पाऊल टेकताना टाचेवर पडणारा दाब तर प्रत्येक जण रोज हजारो वेळा फुकट घालवतो. तो का वापरू नये? एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये बुटाच्या तळव्यात असे पदार्थ बसवून पाहिले. हाती लागली सरासरी एक-दोन मिलिवॉट वीज. तेवढ्यावर बुटातला छोटा रेडिओ आपला ओळख क्रमांक प्रसारित करायचा, बस. मग २००५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लॉरेन्स रोम यांनी पाठीवरच्या सॅकमधलं ओझं स्प्रिंगांवर टांगलं. चालताना ओझं वर-खाली होतं आणि जनित्र फिरतं. त्यातून ७.४ वॉटपर्यंत वीज मिळाली, पण त्यासाठी ३८ किलोपर्यंतचं ओझं पाठीवर हवं! सैनिकाला ते चालेल, बाकीच्यांनी दुरूनच नमस्कार करावा.

मला स्वतःला सर्वांत हुशार वाटतो तो २००८ मधला गुडघ्याचा पट्टा. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या मॅक्स डोनेलन यांच्या गटाचं हे काम. चालताना पाय पुढे झोकून झाला की तो थांबवायला स्नायूंना ब्रेक लावावा लागतो. पट्टा नेमक्या त्याच क्षणी जनित्र जोडतो, म्हणजे ब्रेकचं काम स्नायूंऐवजी थोडं यंत्र करतं आणि चालणाऱ्यावर ताण फारसा वाढत नाही. विजेवर चालणाऱ्या गाडीत ब्रेक लावताना बॅटरी भरते, तीच युक्ती. दोन्ही पायांचे मिळून साधारण पाच वॉट मिळाले. पुढे अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेतल्या झाँग लिन वांग यांच्या गटाने २०१२ मध्ये घर्षणातून वीज देणारी पातळ जनित्रं मांडली आणि कापडातच वीज विणायच्या गोष्टी सुरू झाल्या. कापडातून मिळणारी वीज मात्र आजही छोट्या सेन्सरांपुरतीच आहे.

आता पाच वॉटचं गणित करू. तासभर चाललं की पाच वॉट-तास. मोबाइलची बॅटरी साधारण पंधरा वॉट-तासांची, म्हणजे एका चार्जिंगला तीन तास पायपीट. कोळशाच्या एका युनिट (हजार वॉट-तास) विजेमागे ढोबळमानाने एक किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर तासाभरात वाचला पाच ग्रॅम. पण त्याच तासात माणूस पाच किलोमीटर चालला. ते अंतर तो पेट्रोलच्या गाडीने गेला असता तर? एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला पंधरा किलोमीटर धरा, पाच किलोमीटरला साडेसातशे ग्रॅमच्या वर होतात. पट्ट्याने वाचवलं त्याच्या दीडशे पट, आणि तेही पट्टा न घालता.

हवेतला वायू धरणाऱ्या कपड्यांचं थोडक्यात उरकतो. असे पोशाख खरोखर आहेत, पण ते अंतराळवीरांचे. माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड श्वासातून सोडतो, आणि बंद पोशाखात तो काढला नाही तर जीवच जाईल; म्हणून लिथियम हायड्रॉक्साइडसारखी शोषक रसायनं. उघड्या हवेत मात्र हा वायू जेमतेम ०.०४ टक्के. एका घनमीटर हवेत एक ग्रॅमही नाही! किलोभर धरायचा तर तेराशेहून जास्त घनमीटर हवा कापडातून जायला हवी, शिवाय भरलेलं शोषक पुन्हा मोकळं करायला ऊर्जा लागते ती वेगळीच. ब्रिटनमध्ये २०११ च्या सुमारास टायटॅनियम डायऑक्साइड लावलेल्या जीन्सचा बराच गाजावाजा झाला. त्या गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर काम करायच्या, कार्बन डायऑक्साइडवर नाही. हा घोळ अजूनही होतो.

उरले हिशोब ठेवणारे. जपानमध्ये १९६५ मध्ये यामासा कंपनीचं ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक, बाजारात आलं. दहा हजाराचा आकडा तिथूनच जगभर पसरला. पुढे पावलं मोजायला हालचाल ओळखणारी चिप आली. गंमत म्हणजे या चिपा १९९० च्या दशकात स्वस्त झाल्या त्या गाड्यांच्या एअरबॅगमुळे. दुसरीकडे डेव्हिड फ्लेमिंग या ब्रिटिश विचारवंताने १९९६ मध्ये प्रत्येक नागरिकाला कार्बनचा कोटा, म्हणजे किती कार्बन सोडायचा याची मर्यादा, ठरवून द्यावी अशी कल्पना मांडली. ब्रिटिश सरकारने ती तपासली आणि २००८ मध्ये काळाच्या पुढची म्हणून बाजूला ठेवली.

पावलांचा आकडा आणि कार्बनचा कोटा हे दोन धागे एकत्र आले ते मोबाइलमध्ये. चीनमध्ये २०१६ पासून अँट फॉरेस्ट या सेवेत चालण्याचे गुण साठतात आणि पुरेसे झाले की कोरड्या प्रदेशात खरं झाड लागतं. फिनलंडमधल्या लाहती शहराने २०२० च्या सुमारास थेट कोटाच दिला. माणूस चालतोय, सायकलवर आहे की गाडीत, हे अ‍ॅप स्वतः ओळखायचं आणि आठवड्याचा कोटा वाचला तर आभासी युरो द्यायचं. त्यावर बसचं तिकीट किंवा पोहण्याच्या तलावाचा प्रवेश मिळायचा. मग कोरोनाची महासाथ आली, लोक घरी बसले आणि आकड्यांचा अर्थ लावणं अवघड झालं.

सेन्सरची अडचण मात्र महासाथीच्या आधीही होती आणि नंतरही आहे. माणूस पाच किलोमीटर चालला, हे सेन्सरला कळतं. पण चालला नसता तर तो गाडी काढणार होता, की नुसताच बागेत फेऱ्या मारत होता, हे मनगटावरून कळत नाही; आणि वाचलेल्या कार्बनचा प्रत्येक आकडा याच एका गृहीतकावर उभा असतो.