शीत प्रदेशांतील सरोवरांमधील सूक्ष्मशैवाल

उत्तर ध्रुवीय व उपध्रुवीय प्रदेशांतील सरोवरांत कोणत्या जातींची सूक्ष्मशैवाले वाढतात, हे बर्फ, प्रकाश, पाण्याचे रासायनिक गुणधर्म आणि पोषकद्रव्ये यांवर ठरते. या शैवालांत सिलिकेचे कवच असलेली करंडक शैवाले, म्हणजेच डायाटम, विशेष महत्त्वाची आहेत. कारण पेशी मेल्यावरही त्यांची नक्षीदार कवचे तळाच्या गाळात हजारो वर्षे टिकतात.

थंडी हाच येथील मुख्य घटक असावा असे प्रथमदर्शनी वाटते, परंतु तिचा परिणाम बराचसा बर्फामार्फत होतो. अतिउत्तरेकडील काही सरोवरांवरचा बर्फ उन्हाळ्यातही पूर्ण वितळत नाही. काठालगत पाण्याचा अरुंद पट्टा मोकळा होतो आणि तेवढ्याच जागेत दगडांना व मॉस वनस्पतींना चिकटून राहणाऱ्या जाती वाढतात. बर्फ लवकर हटला, की खुल्या पाण्यात तरंगणाऱ्या सायक्लोटेलासारख्या डायाटम प्रजातींना वाव मिळतो. मात्र बर्फ म्हणजे अंधार, असे समीकरण मांडणे चूक ठरेल. सायबेरियातील बैकल सरोवरात स्वच्छ बर्फाखालीच वसंत ऋतूत औलाकोसिरा या डायाटमची भरघोस वाढ होते. बर्फातून उतरणाऱ्या उन्हाने वरचे पाणी किंचित तापते. ते ४ अंश सेल्सिअसपेक्षा थंड असल्यामुळे तापताना त्याची घनता वाढून ते खाली जाते आणि या अभिसरणामुळे औलाकोसिराच्या जड साखळ्या बुडत नाहीत. बर्फावर हिमाचा जाड थर साचला, तर प्रकाश अडतो आणि ही वाढ खुंटते.

आम्लधर्मी पाण्यात युनोशियासारख्या डायाटम प्रजाती आढळतात, तर चुनखडीच्या प्रदेशातील अल्कधर्मी पाण्यात वेगळा समूह असतो. वृक्षरेषेच्या, म्हणजे जिच्या पलीकडे उत्तरेस झाडे वाढत नाहीत त्या सीमेच्या, दक्षिणेस जंगलातून येणारी सेंद्रिय द्रव्ये पाणी तपकिरी करतात. त्यामुळे अतिनील किरणांपासून संरक्षण मिळते, पण खोलवरचा प्रकाश घटतो. फॉस्फरस व नायट्रोजन यांचे प्रमाण बहुधा अत्यल्प असते.

कॅनडातील एल्झमिअर बेटावरील केप हर्शेल येथील उथळ तळ्यांचा अभ्यास मरिअन डग्लस व जॉन स्मोल यांनी १९८३ पासून केला. गाळातील डायाटमचे समूह हजारो वर्षे जवळजवळ स्थिर होते आणि एकोणिसाव्या शतकापासून ते झपाट्याने बदलले, असे त्यांना आढळले. २००६ च्या जुलैपर्यंत यांपैकी काही तळी पूर्ण कोरडी पडली. उरलेल्यांत बाष्पीभवनामुळे क्षारांचे प्रमाण वाढले होते.