टॉवर फुल दाखवतोय म्हणजे नेट चालेलच असं नाही

पुण्या-बेंगलोरच्या कंपनीत काम करणारी आपली पोरं लग्नाला नाहीतर सणाला सोलापूरला येतात, लॅपटॉप तिकडंच ठेवून फोनवरूनच मीटिंग जॉईन करतात, आणि मग ठरलेला प्रश्न, "अरे टॉवर फुल आहे की, मग का अडकतंय?" रेंज आणि नेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे एकदा समजलं की निम्मा त्रास तिथंच संपतो.

वरच्या कोपऱ्यातल्या दांड्या एवढंच सांगतात की टॉवरचा सिग्नल तुमच्या फोनपर्यंत किती जोरात पोचतोय. त्या टॉवरवर अजून किती जण बसलेत, तुमच्या वाट्याला किती डेटा येणार, हे दांड्यांना माहीतच नसतं. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, होम मैदानाजवळ उभं राहून बघा, दांड्या पूर्ण, पण आजूबाजूचे हजारो लोक एकाच वेळी पाळण्याचे व्हिडिओ पाठवत असतात, त्यामुळं साधा व्हॉट्सॲपचा फोटोसुद्धा गोल गोल फिरत राहतो. उलट मंगळवेढ्याकडं एखाद्या जाड भिंतीच्या माळवदाच्या घरात दोनच दांड्या असतात आणि मीटिंग तासभर मस्त चालते, कारण त्या टॉवरवर माणसंच कमी.

आता खरी गोम. सिनेमा बघताना फक्त डाऊनलोड लागतं, मीटिंगला अपलोडही तेवढंच लागतं. टॉवर कित्येक वॅटनं ओरडतो, तुमचा फोन मात्र साधारण 0.2 वॅटनंच उत्तर देऊ शकतो, म्हणून तुम्हाला सगळे स्वच्छ दिसतात ऐकू येतात आणि तिकडून मॅनेजर म्हणतो "तुमचा आवाज तुटतोय", आणि तुम्हाला वाटतं त्याचंच नेट खराब आहे. झूमवर दोघांच्याच कॉलला बऱ्यापैकी व्हिडिओसाठी जाता-येता 600 केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट डेटा) लागतात, नुसत्या आवाजाला 60 ते 80. म्हणून स्पीड टेस्ट केली की डाऊनलोडचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका, आधी अपलोड बघा आणि मग पिंग, म्हणजे डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ. आवाज पलीकडं पोचायला 150 मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागायला लागला की दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम थांबतात, तो प्रकार सगळ्यांनी अनुभवलाय.

अजून एक, रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर वर सांगितलेल्या हिशोबानं व्हिडिओ मीटिंगला तासाला साडेपाचशे एमबीच्या आसपास जातात, म्हणजे तीन तास व्हायच्या आत पॅक संपला. त्यानंतर बऱ्याच प्लॅनमध्ये स्पीड 64 केबीपीएसवर येतो, दांड्या मात्र तशाच फुल! मे महिन्यात 42-43 डिग्रीत फोन तापून स्लो होतो त्यालाही लोक नेटचाच दोष म्हणतात, ॲपल तर आयफोन 35 डिग्रीपर्यंतच्या हवेतच वापरा असं सांगतं, तेव्हा मीटिंगच्या वेळी चार्जर काढा आणि फोन उन्हात ठेवू नका.

वंदे भारतमधून पुण्याला जाताना मात्र दोष रेंजचाच, धातूचा डबा, बंद काचा आणि दर थोड्या वेळानं बदलणारा टॉवर, तिथं व्हिडिओ बंद करून फक्त आवाजावर राहा.

उपाय पण दोघांचे वेगळे. रेंज कमी असेल तर जागा बदला, खिडकीत या, गच्चीवर जा, लगेच फरक पडतो. दांड्या फुल आणि नेट मेलेलं असेल तर मंगल कार्यालयात या टोकापासून त्या टोकाला फिरून काही होत नाही, सेटिंगमध्ये 5जी ऐवजी 4जी करून बघा, कधी कधी तिकडं गर्दी कमी असते, नाहीतर दुसऱ्या कंपनीच्या सिमवर डेटा घ्या. फक्त हे जॉईन व्हायच्या आधी करा, चालू मीटिंगमध्ये सिम बदललं की कनेक्शन तुटतं आणि परत आत यायला तुम्हाला कधी कधी वेटिंग रूममध्ये बसावं लागतं.