पोटाचं ऑपरेशन आणि ठणकतो खांदा

मामाचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन परळला दुर्बिणीतून झालं, दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर म्हणतो, पोटाचं ठीक आहे रे पण हा खांदा का ठणकतोय? मामीचं ठाम मत, टेबलावर वाकडंतिकडं झोपवलं असणार.

खरं कारण भारी आहे. आतलं दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात. हाच गॅस का, तर तो पेट घेत नाही (आत करंटने रक्तवाहिन्या बंद करतात ना) आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. थोडा उरतो तो वर श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याला, त्रास देतो, आणि या पडद्याची नस येते मानेतून, खांद्याची जाणीवही तिथूनच, मग मेंदूचा पत्ता चुकतो, करी रोडचं पत्र चिंचपोकळीला. एक-दोन दिवसांत जातं.

पोटावर 5 ते 12 मिलिमीटरची चार-पाच भोकं बघून चाळीतले सगळे म्हणाले, छोटंच की ऑपरेशन! छोटं कसलं. गाठ, दोन्ही बाजूचं थोडं चांगलं आतडं आणि लिम्फ नोड्स (कॅन्सर आधी जिथे पसरतो त्या छोट्या गाठी) असलेली चरबी असं सगळं अखंड काढायचं, तपासायला निदान 12 नोड्स मिळायला हवेत, मग आतडं जोडायचं आणि जोड धरतोय का याची धाकधूक, ती पोट उघडून केलं तरी तेवढीच. शिवाय तुकडा बाहेर यायला काही सेंटीमीटरचा एक कट लागतोच. त्यात प्लास्टिकची बाही घालतात, कॅन्सरच्या पेशी जखमेला लागू नयेत म्हणून.

ही भीती जुनी आहे. आपल्या मुंबईच्या जेजे हॉस्पिटलात डॉ. तेहेम्टन उदवाडियांनी 1990 मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तो प्रकार पटकन रुळला, पण आतड्याच्या कॅन्सरला हे सुरू झालं तेव्हा काही पेशंटना भोकांच्या जागीच कॅन्सर उगवला आणि सर्जन बिचकले. 2004 साली अमेरिकेतल्या 872 पेशंटचा अभ्यास आला, 3 वर्षांत कॅन्सर परत आला तो दुर्बिणीत 16 टक्के, उघडून केलेल्यांत 18, म्हणजे जवळपास सारखंच, आणि जखमेत उगवण्याचं प्रमाण दोन्हीकडे 1 टक्क्याच्या आत. दुखणं कमी, घरी लवकर, हा फायदा वर. गुदाशयाचं मात्र वेगळं, ओटीपोटाच्या अरुंद जागेत हात बसलेलाच सर्जन हवा. आणि मध्येच पोट उघडावं लागलं तर ते फेल नव्हे, शहाणपण.

मामाच्या रिपोर्टमध्ये 19 नोड्स आले, सगळे साफ. आता कोणी विचारलं भोकं किती, तरी मामी सांगते एकोणीस.