अळू आणि रताळं: भाषा आली की नुसतं नाव?

अळवाला मलयमध्ये 'तालास' म्हणतात, पॅसिफिक महासागरातल्या सामोआत 'तालो', न्यूझीलंडच्या माओरीत 'तारो' आणि हवाईत 'कालो'. रताळ्याला टोंगात 'कुमाला', माओरीत 'कुमारा', हवाईत 'उआला'. दोन्ही माळा सारख्याच दिसतात. कंद बेटाबेटांवर गेला, नाव सोबत गेलं, एवढंच ना? नाही. अळवाबरोबर अख्खी भाषा होडीत बसली होती. रताळ्याबरोबर फक्त नाव आलं.

हे ओळखायचं कसं? कंद बाजूला ठेवा आणि घरगुती शब्द पाहा. मलयमध्ये डोळा 'माता', पाच म्हणजे 'लिमा'. माओरीत 'माता' आणि 'रिमा', हवाईत 'माका' आणि 'लिमा'. हवाईत जुन्या 'त'चा 'क' होतो, म्हणून 'तालो'चा 'कालो' झाला आणि 'माता'चा 'माका'. अवयव आणि अंक सहसा कोणी उसने घेत नाही. ते आईकडूनच येतात. तैवानकडून फिलिपिन्समार्गे निघालेले ऑस्ट्रोनेशियन (मलयपासून हवाईपर्यंतच्या या भाषाकुळाचे) शेतकरी सुमारे २८०० वर्षांपूर्वी टोंगापर्यंत पोचले, ते अळू, कोनफळ आणि ही भाषा घेऊनच. (कोनफळाला मलयमध्ये 'उबी', सामोआत 'उफी', हवाईत 'उही'. कोकणातल्या माणसाला ही शिदोरी फारशी परकी वाटायची नाही.)

रताळं मात्र उलट दिशेनं आलं, दक्षिण अमेरिकेतून. तिथल्या क्वेचुआ भाषेच्या काही बोलींत त्याला 'कुमार' म्हणतात. पण क्वेचुआत डोळा 'ञावी' आणि पाच 'पिचका'. पॉलिनेशियाशी, म्हणजे टोंगा, सामोआ, हवाई, न्यूझीलंड या बेटांशी, काडीचा संबंध नाही. फसगत होते ती पुढे. पॉलिनेशियात शिरल्यावर 'कुमाला'ही तिथल्या वळणावर गेला. माओरीत मासा 'इका', हवाईत 'इआ', 'क' घशातच अडतो. 'कुमारा'चा 'उआला' होताना तेच झालं. म्हणजे नुसते ध्वनिनियम लावले तर पाहुणाही घरचाच वाटतो. आपण तर रताळं घेतलं आणि नावही घेतलं नाही. 'रक्तालु' या जुन्या कंदाचंच नाव त्याला चिकटवलं.

भाषा आली म्हणजे रक्तही तेच राहिलं, असं मात्र धरू नये. वानुआटू या पॅसिफिकमधल्या द्वीपदेशात सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांचा डीएनए पूर्व आशियाई वळणाचा निघाला. आजचे रहिवासी बहुतांशी पापुआ (न्यू गिनीकडच्या) वंशाचे आहेत, पण त्यांच्या शंभराहून अधिक देशी भाषा ऑस्ट्रोनेशियनच.

भाषाच सोबत आली होती, याचा सगळ्यात बोलका पुरावा न्यूझीलंडचा. सामोआ, टोंगा, हवाई, सगळीकडे नारळ म्हणजे 'निउ'. न्यूझीलंडच्या थंडीत नारळ रुजलाच नाही, रताळं मात्र जमिनीत खड्डे करून जपलं गेलं. झाड नाही तर शब्दही विसरायला हवा होता. पण माओरीत 'निउ' आहे: शकुन पाहायच्या काड्यांना म्हणतात. टोंगात त्याच कामासाठी नारळ गरगर फिरवत.